टालिन बघताना क्रम का चुकतो आणि दोन दिवसांत ते नीट कसं बघायचं

फिनलंड-स्वीडनमधे राहणाऱ्या आपल्या लोकांकडे आई-बाबा किंवा मित्र आले की एस्टोनियातल्या टालिनची बोट ठरलेलीच असते. आणि जवळपास सगळे एकाच पद्धतीने जातात: सकाळी उशिराची बोट, दुपारी एकला उतरायचं, सगळ्या गर्दीबरोबर विरू गेटमधून आत शिरायचं, मुख्य चौकात महागडं जेवण, मग जड पोटाने आणि दमलेल्या पायांनी टूम्पेआ टेकडी चढायची, वर पोचेपर्यंत चर्च बंद व्हायला आलेलं, आणि तिथून धावत परत बोटीकडे. घरी आल्यावर म्हणतात छान आहे, पण छोटं आहे, चार तासांत होतं. मला हे ऐकून वाईट वाटतं कारण त्यांनी बंदराचं शहर बघितलेलंच नसतं, फक्त एका चौकाभोवतीची दुकानं बघितलेली असतात.

म्हणून हा लेख. इतिहास इथे सांगत नाही, तो सगळीकडे मिळतो. तयारी काय करायची, कुठला भाग कधी बघायचा आणि लोक नेमकं कुठे चुकतात एवढंच लिहितोय. माझं म्हणणं एका वाक्यात: एक रात्र राहा, आणि आधी समुद्र, मग संध्याकाळी टेकडी, मग दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी खालचं जुनं गाव, असा क्रम लावा.

## १. तारीख आणि वार (इथेच निम्मी चूक होते)

बोटीच्या तिकिटाचा भाव बघून वार ठरवू नका. सोमवारचं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून लोक घेतात आणि सोमवारी टालिनमधली बरीच म्युझियम्स बंद असतात, उन्हाळा सोडून तर जास्तच, हिवाळ्यात काही ठिकाणी आठवड्यात आणखी एखाद-दोन दिवस सुट्टी असते. मंगळवार ते शनिवार यातले दोन दिवस धरा. रविवारी सकाळी चर्चमधे प्रार्थना असते त्यामुळे आत फिरता येत नाही.

दुसरं म्हणजे जूनच्या २३ आणि २४ तारखा. २३ ला विजय दिन आणि लगेच २४ ला यानिपायेव, म्हणजे त्यांचा मध्य-उन्हाळ्याचा सण. शहरातली माणसं गावाकडे जातात, शेकोट्या पेटवतात, आणि शहरात बरंचसं बंद असतं. कुणा एस्टोनियन मित्राने घरी बोलावलं असेल तर हाच दिवस सोन्याचा, नाहीतर टाळा.

उजेडाचा हिशोबही आत्ताच करा. जूनमधे सूर्य रात्री साडेदहाच्या पुढे मावळतो, तेव्हा संध्याकाळ म्हणजे अख्खा एक जादाचा दिवस मिळतो. डिसेंबरअखेरीस मात्र सव्वानऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेतीनच्या आत मावळतं. खाली दिलेला क्रम साधारण एप्रिल ते सप्टेंबरसाठी आहे, हिवाळ्यात काय बदलायचं ते त्या त्या जागी लिहिलंय.

तपासा: ज्या चार-पाच जागा बघायच्याच आहेत त्यांच्या साइटवर *तुमच्या तारखेची* वेळ बघा, मॅपवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका.

## २. व्हिसा, कार्ड आणि ओटीपी

एस्टोनिया २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि २०११ पासून तिथे युरो चालतो. त्यामुळे हेलसिंकीहून जाताना वेगळा व्हिसा लागत नाही, सिंगल एंट्रीवरही चालतं कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडतच नाही. भारतातून अर्ज करताना लोक गोंधळतात तो वेगळ्या कारणाने. नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, आणि दिवस सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. म्हणजे चार दिवस फिनलंड आणि दोन दिवस टालिन असेल तर अर्ज फिनलंडकडेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो, पण पंधरा दिवसांवर ठेवू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा.

> सावध: बोटीत रोज पासपोर्ट कंट्रोल नसतो म्हणून काही जण पासपोर्ट हॉटेलवर ठेवून निघतात. तसं करू नका. चेक-इनला ओळखपत्र मागू शकतात आणि मधूनमधून तपासणीही होते. फिनलंडचं रेसिडन्स कार्ड असेल तरी पासपोर्ट बरोबर हवाच.

आता भारतातून येणाऱ्यांसाठी खास. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं हे दोन्ही स्वतः चालू करावं लागतं. टालिनमधे बस-ट्रामपासून छोट्या बेकरीपर्यंत सगळं टॅपवर चालतं, त्यामुळे निघायच्या आधी बँकेच्या ॲपमधे जाऊन दोन्ही स्विच चालू करा आणि मर्यादा तपासा. आणि बोटीचं किंवा म्युझियमचं तिकीट ऑनलाइन काढताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, तेव्हा ते सिम चालू आणि रोमिंगवर एसएमएस येतोय ना हे घरूनच बघून घ्या. बोटीच्या रांगेत उभं राहून मुंबईतल्या भावाला फोन करून ओटीपी विचारणारी मंडळी बघितली आहेत, अगदी केविलवाणा प्रकार असतो तो.

## ३. राहायचं कुठे आणि पायात काय

जुन्या गावाच्या तटबंदीच्या आत हॉटेल घ्यायचा मोह होतो. घ्या, पण दोन गोष्टी माहीत असू द्या: बऱ्याच गल्ल्यांत गाडी येत नाही आणि रस्ता गोट्यांच्या फरसबंदीचा आहे, चाकांची बॅग तिथे ओढली तर चाक तरी निघतं नाहीतर हात तरी. शिवाय जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही. आई-बाबा बरोबर असतील तर मी तटबंदीच्या अगदी बाहेर, विरू चौक किंवा बंदर यांच्या मधल्या पट्ट्यात राहायला सांगेन, तिथून सगळं चालत होतं आणि टॅक्सी दारात येते.

बूट जाड तळव्याचे, आधी वापरून मुरलेले. फॅशनेबल सपाट तळव्याचे बूट त्या दगडांवर दोन तासांत तळपाय सोलून काढतात. हिवाळ्यात गेलात तर बुटांना लावायचे रबरी काटे मिळतात ते घ्याच, आणि भिंतीला चिकटून चालू नका कारण छतावरचे बर्फाचे सुळे खाली पडतात. फुटपाथवर पट्टी लावून अडवलेलं दिसलं तर ते त्याचसाठी असतं, पट्टी ओलांडून जाऊ नका.

एक छोटी वस्तू कुणी सांगत नाही. अंधारात पायी चालताना अंगावर चमकणारा रिफ्लेक्टर लावणं एस्टोनियात कायद्याने बंधनकारक आहे. सुपरमार्केटमधे छोटे लटकवायचे मिळतात, जॅकेटला गुडघ्याच्या उंचीला अडकवायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तर लागतोच.

## ४. बोट

हेलसिंकी ते टालिन दोन ते अडीच तास. तीन मुख्य कंपन्या आहेत, टालिंक, व्हायकिंग लाइन आणि एकरो. इथली नेहमीची चूक म्हणजे चुकीच्या टर्मिनलवर जाणं. हेलसिंकीत टालिंक आणि एकरो लान्सिसातामा बंदरातून सुटतात तर व्हायकिंग कातायानोक्काहून, आणि ही दोन ठिकाणं शहराच्या दोन टोकांना आहेत. टालिनमधे टालिंक डी टर्मिनलला लागते, बाकीच्या दोन ए टर्मिनलला. कधीकधी यात बदल होतात, म्हणून तिकिटावर काय छापलंय तेच खरं धरा.

क्रम असा:

१. जाताना सकाळची पहिली किंवा दुसरी बोट. टालिनमधे दहाच्या आसपास उतरायला हवं.
२. परतीचं तिकीट त्याच दिवसाचं नको, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं काढा. त्याच दिवशी परतीचं पॅकेज स्वस्त दिसतं तेव्हा लोक फसतात.
३. चेक-इन बोट सुटायच्या बऱ्याच आधी बंद होतं. तिकिटावर जी वेळ दिलीय ती सुटायची वेळ, चेक-इनची नव्हे, ती वेगळी शोधा आणि तिच्याही अर्धा तास आधी पोचा.
४. बोटीत बसायला ठरलेली सीट नसते. चढल्या चढल्या आई-बाबांना खिडकीपाशी बसवा, कॉफीच्या रांगेत नंतर लागा.
५. शेवटची वीस मिनिटं डेकवर उभे राहा. ओलेविस्ते चर्चचा टोकदार मनोरा, टेकडीवरचे घुमट, तट, सगळं एका ओळीत दिसतं आणि दोन दिवस काय कुठे आहे ते डोक्यात बसतं. वारा कडक असतो, जॅकेट बॅगेत कोंबून ठेवू नका.

हेलसिंकी आणि टालिनची वेळ एकच आहे, पण स्टॉकहोम एक तास मागे. स्टॉकहोमहून रात्रभराच्या बोटीने येणारे हमखास इथे चुकतात, उतरायची वेळ टालिनच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते.

## ५. उतरल्यावर पहिला तास

सरळ जुन्या गावात जाऊ नका! बोटीतले शेकडो लोक तिकडेच निघालेत, वर उन्हाळ्यात मोठ्या क्रूझ जहाजांची माणसं साधारण दहा ते चार या वेळात गाइडच्या छत्रीमागे तिथेच असतात. तुम्ही त्यांच्या उलट वेळ धरायची.

आधी बॅगा. हॉटेल जवळ असेल तर तिथे टाका, बहुतेक जण चेक-इनच्या आधीही ठेवून घेतात. नाहीतर टर्मिनलवर लॉकर आहेत.

मग बस-ट्राम. एक गैरसमज पक्का बसलाय की टालिनमधे सगळ्यांना प्रवास फुकट. ती सोय २०१३ पासून तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. पुढच्या दाराजवळच्या मशीनवर कार्ड टॅप करायचं. एका कार्डवर अख्खं कुटुंब धरून चालू नका, प्रत्येकाने आपापलं कार्ड टॅप करावं. फुकट समजून बसलात आणि तपासनीस आला तर दंड होतो. टॅक्सी लागली तर बोल्ट ॲप, ते मुळात टालिनचंच आहे.

टालिन कार्ड घ्यायचं का? म्युझियम्स आणि बस-ट्राम त्यात येतात. मोठी दोन-तीन म्युझियम्स बघणार असाल तर फायद्याचं, फक्त चालत फिरणार असाल तर नाही. पण २४ तासांचं कार्ड पहिल्या वापरापासून तास मोजतं, तारीख नाही. म्हणजे पहिल्या दिवशी अकराला सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत चालतं. हे लक्षात न घेता लोक ४८ तासांचं घेतात किंवा पहिल्याच संध्याकाळी एका ट्रामसाठी वापरून टाकतात.

## ६. पहिला दिवस, सकाळ: समुद्राची बाजू

इथून सुरुवात करायचं कारण सांगतो. टालिनची सगळी श्रीमंती जहाजांवर आली, मीठ, फर, धान्य, मेण. जहाज, बर्फ आणि बंदर डोक्यात बसलं की उद्या जुन्या गावातल्या घरांकडे बघताना त्यांची रचना आपोआप कळते. उलटं केलं तर ती फक्त रंगीत घरं राहतात.

लेन्नुसादाम, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेले काँक्रीटचे प्रचंड घुमट, २०१२ पासून त्यात सागरी म्युझियम आहे. उघडल्या उघडल्या जा आणि आत याच क्रमाने फिरा:

१. पहिल्यांदा थेट पाणबुडीकडे. लेम्बित, १९३६ ला इंग्लंडमधे बांधलेली, आत शिरून बघता येते. उशीर केला तर शाळेच्या सहली येतात आणि आतल्या अरुंद वाटेत रांग लागते.
२. मग वरच्या पुलावरून बाकीच्या नावा आणि पाण्यावर उतरणारं विमान.
३. शेवटी बाहेर धक्क्यावर सूर टोल, १९१४ चं वाफेवर चालणारं बर्फ फोडणारं जहाज. लोक आतलं बघून दमतात आणि हे सोडून जातात. सोडू नका. इंजिन रूमपर्यंत उतरा, हिवाळ्यात बंदर चालू ठेवणं म्हणजे काय काम होतं ते तिथे कळतं.

> सावध: पाणबुडीत एका भागातून दुसऱ्यात जायला गोल, उंच उंबऱ्याच्या झडपा ओलांडाव्या लागतात आणि शिड्या उभ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी बाहेरूनच बघावी, बाकी म्युझियम सपाट आहे.

अडीच तास धरा. मग चालत कालामाया भागातून परत या. जुनी लाकडी घरं, मधे दगडी जिना आणि दोन्ही बाजूंना लाकूड अशी एक खास टालिनची बांधणी इथे दिसते. लोक राहतात तिथे, दारात जाऊन खिडकीतून फोटो काढणं बरं दिसत नाही. या वाटेने बाल्टी याम स्टेशनशेजारच्या बाजारात निघाल, जेवण इथे.

## ७. जेवण, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

बाजारात राय या धान्याचा काळा पाव, लोणची, मोसमात बेरी, चीज, आणि खायचे स्टॉल, सगळं एकाच छताखाली आहे. पलीकडेच तेल्लिस्किवी, जुन्या कारखान्यांच्या आवारातले कॅफे. मुख्य चौकापेक्षा इथे स्वस्त आणि चांगलं.

मासे खाणाऱ्यांनी किलु घातलेली काळ्या पावाची सँडविच घ्या. किलु म्हणजे तारलीच्याच कुळातला बोटभर मासा, मसाल्यात मुरवलेला. वर उकडलेलं अंडं असतं. कोकणातल्या माणसाला हे आवडलं नाही असं मला तरी अजून भेटलेलं नाही.

शाकाहारी असाल तर नाव बघून मागवू नका. वाटाण्याचं सूप, बार्ली-बटाट्याचा मुल्गिपुदेर, कोबीची भाजी, ऐकायला शाकाहारी पण त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं, निदान वरून तरी घातलेलं. "मांस नको" एवढं म्हणून भागत नाही, "बेकन नको, मटणाचा रस्सा नको, मासा नको" असं एकेक विचारा, तिथले लोक शांतपणे आणि खरं सांगतात. आई-बाबांच्या पिशवीत सुपरमार्केटच्या फ्रिजमधलं कोहुके टाकून ठेवा. चॉकलेटचा पातळ थर दिलेला गोड चक्का म्हणा ना, छोट्या वडीएवढा, भुकेच्या वेळी झकास. पाणी नळाचं प्या, विकत घेऊ नका.

## ८. पहिला दिवस, दुपारी चारनंतर: टूम्पेआ

आता टेकडी. चारला का? चर्च साधारण पाच-सहापर्यंत उघडी असतात तेवढी होतात, तोवर क्रूझवाले जहाजावर परत गेलेले असतात, आणि मुख्य म्हणजे उजेड. कोह्तुओत्सा हा जो प्रसिद्ध कठडा आहे तो पूर्वेकडे बघतो. सकाळी तिथे सूर्य डोळ्यांत येतो आणि गाव काळं दिसतं. संध्याकाळी सूर्य पाठीमागे असतो आणि लाल कौलं, मनोरे, मागे समुद्र आणि बोटी, सगळं स्वच्छ उजळून निघतं. एवढी साधी गोष्ट आहे पण नव्वद टक्के लोक अकरा वाजता तिथे उभे असतात.

वर जायच्या वाटा:

- पाय धड असतील तर स्टेशनसमोरच्या बागेतून पात्कुलीचा जिना. दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, दम लागतो.
- आई-बाबांबरोबर असाल तर वाबादुसे चौकापर्यंत ट्राम-बसने किंवा टॅक्सीने या आणि तिथून टूम्पेआ रस्त्याने वर. चढ हळूहळू आहे, पायऱ्या नाहीत.
- पिक्क याल्ग आणि ल्युहिके याल्ग या दोन प्रसिद्ध वाटा *उतरायला* ठेवा. पहिली उताराची, दुसरीला पायऱ्या आहेत. पाऊस पडून गेला असेल तर दोन्ही निसरड्या.

वर गेल्यावर क्रम: आधी तोमकिरिक, म्हणजे टेकडीवरचं लुथरन कॅथेड्रल, ते आधी बंद होतं. आत भिंतीभर जर्मन उमराव घराण्यांची लाकडात कोरलेली रंगीत मानचिन्हं आहेत, ही टेकडी कुणाच्या ताब्यात होती हे तेवढ्यावरून कळतं. मग अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल, १९०० साली पूर्ण झालेलं, कांद्याच्या आकाराच्या घुमटांचं. आत फोटो काढायचे नाहीत, टोपी काढायची, आवाज खाली. ते चालू प्रार्थनास्थळ आहे, मेणबत्त्या लावणाऱ्या आज्यांच्या मधून सेल्फी काढत फिरू नका. मग पात्कुलीचा कठडा, तिथून तट आणि बुरुज दिसतात. कोह्तुओत्सा सगळ्यात शेवटी.

पाऊस असेल तर चार वाजायच्या बरेच आधी किक इन दे क्योक हा बुरुज आणि त्याखालचे बोगदे घ्या. बोगद्यांत भर उन्हाळ्यातही थंडी असते, दहा अंशांच्या खालीच, जॅकेट हवं. वेळ आधी बुक करा.

हिवाळ्यातला बदल: उजेड तीनपर्यंतच, तेव्हा समुद्र आणि टेकडी यांची अदलाबदल करा. टेकडी बारा ते दोन, अंधार पडल्यावर म्युझियम.

## ९. दुसरा दिवस, सकाळी सात ते दहा: खालचं गाव रिकामं असताना

जुन्या गावाला १९९७ पासून युनेस्कोचा दर्जा आहे आणि गर्दी त्यामुळेच. पण सकाळी सातला विरू गेटपाशी उभे राहा, कुणी नसतं. दुकानं बंद असतात म्हणून लोक कंटाळतात. मला उलट वाटतं, पाट्या आणि टेबलखुर्च्या नसल्या की घरं दिसतात.

वाट अशी धरा: विरू गेट, डावीउजवीकडे तट बघत म्यूरिवाहे, कातारीना गल्ली, मग रायकोया प्लात्स म्हणजे मुख्य चौक. चौकात टाउन हॉल, १४०४ चा, वरच्या टोकावर वाना तोमास हा शिपाई वारा दाखवतो. समोरच्या कोपऱ्यात औषधाचं दुकान, त्याची नोंद १४२२ ची आहे आणि ते अजून औषधं विकतं. ते उघडायला वेळ असतो, दुपारी परत फिरून या, फक्त रविवार धरून जाऊ नका. चौकातून एका बोळातून पलीकडे गेलात की प्युहावाइमु चर्चच्या भिंतीवर १६८४ चं कोरीव रंगीत घड्याळ. तिथून पिक्क रस्त्याला लागा आणि समुद्राच्या दिशेने खाली.

आता मान वर करा. पिक्क आणि त्याला समांतर लाइ रस्त्यावरच्या जुन्या घरांच्या अगदी टोकाला बाहेर आलेला एक ओंडका किंवा आकडा दिसेल, आणि त्याखाली एकावर एक दारं, ज्यांना जिना नाही. माल दोराने वर ओढायचा, वरच्या मजल्यांवर साठवायचा, खाली व्यापारी राहायचा आणि सौदे करायचा. घर आणि गोदाम एकच. काल समुद्र बघितलेला असेल तर ही घरं लगेच कळतात. ब्लॅकहेड्स या अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघाचं हिरवं-लाल-सोनेरी दार याच रस्त्यावर आहे, पुढे तीन बहिणी नावाची एकाला एक लागून असलेली तीन घरं, आणि शेवटी समुद्राकडचा दरवाजा.

> तपासा: या टप्प्यात दहा वाजले का? मग बसा, कॉफी घ्या, काळा पाव आणि लोणी. पिक्क रस्त्यावर १८६४ पासूनचा मायास्मोक कॅफे आहे, मार्झिपान म्हणजे बदाम-साखरेची मिठाई, तिथलं बघण्यासारखं.

## १०. दहानंतर: दोनच आतल्या जागा निवडा

इथे हावरटपणा नको. सहा म्युझियम्सची तिकिटं काढून कुठेच नीट न बघणारे खूप आहेत. माझ्या मते दोन:

निगुलिस्ते. पूर्वीचं चर्च, १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, पुन्हा बांधलं, आता मध्ययुगीन कलेचं म्युझियम. इथे बेर्न्ट नोट्केचं 'मृत्यूचं नृत्य' हे चित्र आहे, पंधराव्या शतकाच्या शेवटचं, मूळ खूप लांब होतं त्यातला साडेसात मीटरचा तुकडा उरलाय. लोक मधे उभे राहून एक फोटो काढतात आणि जातात. डावीकडून सुरू करा आणि हळूहळू उजवीकडे चालत जा: आधी उपदेश करणारा, मग पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा, आणि प्रत्येकाच्या हाताला धरून नाचणारा सांगाडा. खालच्या ओळींत मृत्यू आणि ती माणसं एकमेकांशी बोलतात, भाषांतर शेजारी असतं ते वाचा. वारकरी संतांचं "काळ कुणाला सोडत नाही" ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. मनोऱ्यात लिफ्ट आहे, त्यामुळे ज्यांना जिने जमत नाहीत त्यांनी उंचीवरून गाव बघायचं ते इथून. ओलेविस्तेच्या मनोऱ्याला २३२ अरुंद गोल पायऱ्या आहेत आणि हिवाळ्यात तो बंद असतो.

पाक्स मार्गारीता. समुद्राकडच्या दरवाजाचा जाडजूड बुरुज, आत सागरी म्युझियमचाच दुसरा भाग. २०१५ मधे शहरात खोदकाम करताना सापडलेलं मध्ययुगीन मालवाहू जहाज इथे ठेवलंय. सकाळी जी गोदामं बघितली त्यांत माल आणणारं जहाज असंच होतं.

विरू हॉटेलमधलं केजीबी (सोव्हिएत गुप्तहेर खातं) म्युझियम बघायचं असेल तर ते फक्त गाइडबरोबर आणि ठरावीक वेळेलाच असतं. आयत्या वेळी जाऊन मिळत नाही, घरूनच बुक करा.

खरेदीतली चूक: अंबर आणि रशियन बाहुल्या. दोन्ही दुकानांत ढिगाने आहेत आणि दोन्ही एस्टोनियातल्या नाहीत, अंबर मुख्यतः बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, त्यात नकलीही खूप. तिथलंच हवं असेल तर तटाशेजारच्या बायकांकडचे लोकरीचे विणलेले हातमोजे-टोप्या, लिनन, आणि जुनिपर झाडाच्या लाकडाच्या गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या. त्या लाकडाचा वास वर्षानुवर्षं टिकतो.

आणि बोलताना एक सांभाळा. "हे रशियासारखंच आहे" असं कौतुकाने म्हणू नका. एस्टोनियन लोकांनी सोव्हिएत राजवटीकडून स्वातंत्र्य गाणी म्हणत परत मिळवलंय आणि त्यांना ते फार जपून ठेवायचंय. "तेरे" म्हणून नमस्कार आणि "आइताह" म्हणून आभार, एवढं पुरतं.

## ११. दुपार: काद्रिओर्ग

जेवून ट्रामने काद्रिओर्ग. पीटर द ग्रेटने १७१८ ला सुरू केलेला राजवाडा, त्याची बाग, तळं. राजवाडा बाहेरून आणि बाग भरपूर बघा, आत जायचं असेल तर ते कुमूमधे, टेकडीच्या उतारात बसवलेलं २००६ चं कला म्युझियम. आधी सोव्हिएत काळातल्या चित्रांचा मजला बघा, मग जुना. चित्रकारांनी काय लपवून सांगितलं ते तिथे ताजं दिसतं.

मग उताराने समुद्रावर या. रुसाल्का हा देवदूताचा पुतळा, १८९३ ला हेलसिंकीकडे निघालेलं आणि १७७ माणसांसह बुडालेलं लढाऊ जहाज, त्याचं स्मारक. तुम्हीही त्याच पाण्यावरून जाणार आहात. इथून ताकद असेल तर किनाऱ्याने पुढे लाउलुवाल्याक, गाण्याच्या महोत्सवाचं मैदान, १९६० ची ती मोठी कमान. रिकामं असतं, लोक खालूनच फोटो काढून जातात, तुम्ही उतारावर अगदी वरपर्यंत जाऊन बसा. १९८८ च्या सप्टेंबरमधे इथे जमलेल्या लाखोंनी गाणी म्हटली होती, ती माणसं कशी बसली असतील ते वरूनच कळतं. आई-बाबा दमले असतील तर मात्र तळ्याकाठचा बाक बरा, हा भाग सोडा.

## १२. परत बोटीकडे

बोट सुटायच्या दीड तास आधी काद्रिओर्ग सोडा. लॉकर कुठल्या टर्मिनलवर घेतला होता आणि बोट कुठून सुटतेय हे एकच आहे ना ते बघा, कारण जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी घेतली की बॅग ए मधे आणि बोट डी मधे असं होतं. दोन्हींच्या मधे पायी जायचा पूल आहे, पण उन्हाळ्यात तो नावांना वाट द्यायला ठरावीक वेळी उघडतो आणि तोवर तुम्ही काठावर उभे. वेळ कमी असेल तर पुलाची वाट न बघता सरळ टॅक्सी करा. शुक्रवारी आणि रविवारी संध्याकाळी फिनलंडला परतणाऱ्यांच्या ट्रॉल्या बिअरच्या खोक्यांनी भरलेल्या असतात, गेटपाशी रांग लांब लागते आणि पुढे सरकत नाही, त्या दिवशी अर्धा तास आणखी धरा.